आधी शून्य ठरवा, मग सेन्सर लावा: आपल्या नाल्याची पातळी मोजण्याची रीत

मे लागला की मला फोन यायला लागतात. कधी घोडबंदर रोडवरच्या एखाद्या सोसायटीचे सेक्रेटरी असतात, कधी ऐरोलीकडची शेवटच्या वर्षाची इंजिनिअरिंगची मुलं. प्रश्न ठरलेला: "मॅडम, नाल्यावर सेन्सर लावायचाय, कुठला घेऊ?" मी उलट विचारते, "तुमचा शून्य कुठे आहे?"

जलविज्ञान शिकवण्यात आणि नद्या-नाले मोजण्यात माझी सगळी नोकरी गेली. सुरुवातीला पातळी नोंदवायचं यंत्र म्हणजे पाण्यावर तरंगणारा गोळा, त्याला तार, तारेच्या टोकाला पेन आणि चावीच्या घड्याळावर फिरणारा कागद. कागद दर आठवड्याला बदलायचा. पावसाळ्यात शाई पसरायची, आणि मग पूर कुठला आणि डाग कुठला यावर वाद व्हायचे. पुढे प्रेशर सेन्सर आले, डेटा लॉगर आले, रडार आले. आता तर शाळकरी मुलंही घरी यंत्र जुळवतात. या सगळ्या काळातल्या ज्या नोंदी आज उघडून वापरता येतात, त्या भारी यंत्रांच्याच आहेत असं नाही. पातळी नेमकी कशापासून मोजली, म्हणजे शून्य कुठला, हे कुणीतरी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय, अशा त्या नोंदी आहेत. बाकीच्या वह्यांत आकडे भरपूर आहेत, पण त्यांचं काही करता येत नाही. म्हणून खाली सेन्सर बराच उशिरा येईल.

जागा

ठाण्याचे बरेच नाले येऊरच्या डोंगरावरून उतरतात, घोडबंदर रोड ओलांडतात आणि खाडीला मिळतात. अंतर थोडं, पण वरचा नाला आणि खालचा नाला या दोन वेगळ्या वस्तू आहेत. वर उतार तीव्र असतो; पाणी धावत येतं आणि तासाभरात ओसरतंही. खाली बाळकुम, कोलशेत, चेंदणी, कोपरीच्या बाजूला खाडी आत शिरते. तिथे कडक उन्हातसुद्धा पाणी दिवसातून दोनदा चढतं.

आपली जागा कुठल्या भागात पडते हे शोधायला पैसे लागत नाहीत. पाऊस नसताना, म्हणजे फेब्रुवारी ते मे दरम्यान, मोरीच्या, म्हणजे रस्त्याखालून नाला जातो त्या छोट्या पुलाच्या, भिंतीवर पाण्याच्या रेषेला खडूने खूण करा आणि दिवसभर तासातासाला पुन्हा करा. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, आणि उद्याची भरती आजच्यापेक्षा सुमारे ५० मिनिटं उशिरा येते. तुमच्या खुणा याच चालीने सरकत असतील तर ती खाडीची करामत आहे. हे उधाणाच्या दिवसांत, अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास करा. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या, भरतीला पाणी इतकं कमी चढतं की नाला कोरडाच आहे असं वाटेल.

डोंगरावरून किती पाणी येतं हे समजून घ्यायचं असेल तर भरती पोचत नाही अशी जागा हवी. आमच्या पार्किंगमध्ये पाणी कधी शिरेल, एवढाच प्रश्न असेल तर आपल्या फाटकासमोरची मोरीच हवी, भरती येत असली तरीही. एकाच सेन्सरकडून दोन्ही उत्तरं मागू नका.

नवी मुंबईकरांची गोष्ट आणखी वेगळी. वाशी, नेरूळ, बेलापूर या भागांत भरतीच्या पाण्याहून खालची जमीन वसवताना सिडकोने डच धर्तीवर धारण तलाव ठेवले. तलावाच्या खाडीकडच्या तोंडाला झडपा असतात. भरतीला बाहेरच्या पाण्याच्या दाबाने झडप मिटते, शहराचं पावसाचं पाणी तलावात थांबतं, ओहोटी लागली की झडप आपोआप उघडते. कल्पना उत्तम, पण ती चालायला तलाव रिकामा पाहिजे आणि झडप घट्ट मिटली पाहिजे. तलावात गाळ साचतो, त्यात खारफुटी वाढते, झडपेत कचरा अडकतो. अशा ठिकाणी झडपेच्या आत एक आणि बाहेर एक अशा दोन मोजपट्ट्या लावा. बाहेरच्याबरोबर आतलंही पाणी चढत असेल आणि पाऊस नसेल, तर झडप गळतेय. महापालिकेला पत्र लिहायला यापेक्षा बळकट पुरावा नको.

एक गोष्ट इथेच: नाला महापालिकेचा आहे. प्रभाग समितीच्या कार्यालयात अर्ज द्या, पोच घ्या, तिची प्रत यंत्राच्या डब्यात ठेवा. आणि मोरीशेजारच्या टपरीवाल्याला, वॉचमनला, समोर राहणाऱ्या काकूंना हे काय आहे ते नीट सांगा. बॅटरी आणि सोलर पॅनेल चोरीला जातात. ती राखायची असतील तर कुलपापेक्षा काकूंचा जास्त उपयोग होतो.

शून्य

बहुतेक जण नाल्याच्या तळापासून पाण्याची खोली मोजायला निघतात. आपल्याकडे ते चालत नाही, कारण आपल्या नाल्यांचा तळ एका जागी राहत नाही. पावसाळ्याआधी नालेसफाई होते, गाळ निघतो, तळ खाली जातो. ऑगस्टपर्यंत डोंगरावरची माती, बांधकामाचा राडारोडा आणि प्लास्टिक येऊन तो पुन्हा वर येतो. खोली मोजत असाल तर जूनमधलं दीड मीटर आणि ऑगस्टमधलं दीड मीटर यांचा एकमेकांशी संबंध उरत नाही. पार्किंगच्या उताराला नाला किती खोल आहे याच्याशी काही देणंघेणं नसतं. पाण्याची वरची रेघ कुठवर आली, एवढंच त्याला कळतं. म्हणून पातळी मोजायची, आणि ती हलणार नाही अशा एका खुणेपासून.

मोरीच्या जुन्या, पक्क्या कठड्यात ड्रिल करून स्टेनलेस स्टीलचा बोल्ट बसवा. हा तुमचा संदर्भबिंदू. त्याची उंची १०.०० मीटर माना. शून्य मानलं तर खालची सगळी वाचनं उणे येतात, आणि रात्री दोन वाजता पावसात उभं राहून लिहिताना उण्याचं चिन्ह हमखास राहून जातं. त्यानंतर आणखी दोन खुणा करा: एक सोसायटीच्या जोत्यावर, एक एखाद्या जुन्या देवळाच्या किंवा शाळेच्या पायरीवर. ठाण्यात रस्ते काँक्रीटचे होताना कठडे फुटतात, मोऱ्या नव्याने बांधल्या जातात, रस्ता हातभर वर येतो. एक खूण गेली तरी उरलेल्या दोघींवरून ती परत बसवता आली पाहिजे.

एका खुणेवरून दुसरीवर उंची नेण्यासाठी सर्व्हेअरच हवा असं नाही. गवंडी फरशीची पातळी बघायला पारदर्शक नळीत पाणी भरून वापरतात, ती चालते. नळीतला बुडबुडा न् बुडबुडा काढा, दोन्ही टोकं उघडी ठेवा, पाणी स्थिर होऊ द्या. नीट काम केलं तर चूक काही मिलिमीटरच्या पुढे जात नाही. पुढेमागे ओळखीतला सर्व्हेअर मिळाला तर तुमचा बोल्ट भारतीय सर्वेक्षण विभागाच्या खुणेशी जोडून घ्या, म्हणजे समुद्रसपाटीपासूनची खरी उंची हातात येईल.

त्या उंचीशिवाय भरतीच्या बातम्यांशी ताळा घालू नका. "आज ४.८ मीटरची भरती" असं पेपरात येतं, तेव्हा तो आकडा समुद्रसपाटीपासून मोजलेला नसतो. भरती-ओहोटीच्या कोष्टकांचा शून्य जवळजवळ सगळ्यात खालच्या ओहोटीला धरतात, आणि मुंबईत सरासरी समुद्रसपाटी त्या शून्याच्या साधारण अडीच मीटर वर असते. म्हणजे ४.८ ची भरती समुद्रसपाटीच्या सव्वादोन-अडीच मीटर वर. हे न बघता लोक इमारतीच्या नकाशावरची उंची आणि पेपरातली भरती शेजारी शेजारी मांडतात आणि एकतर घाबरतात, नाहीतर निर्धास्त होतात. शिवाय कोष्टक अपोलो बंदराचं. ठाण्याच्या खाडीत पाणी त्यानंतर चढतं. तुमच्या मोरीपाशी किती उशिरा, ते तुमच्याच नोंदींतून पंधरवड्यात निघेल.

आता भिंतीवर मोजपट्टी रंगवा. दर दहा सेंटिमीटरला काळा-पिवळा पट्टा, अर्ध्या मीटरला मोठा आकडा, आणि आकडे बोल्टच्या हिशेबातले: ७.५०, ८.००, ८.५०. रंग एनॅमल. रोज सकाळी मोबाइलवर एक फोटो काढा. वेळ त्यात आपोआप येते. सेन्सर कधीच घेतला नाही तरी एवढ्यावर तुमचं केंद्र उभं राहिलं.

पाऊस

पातळीच्या शेजारी पाऊस नसेल तर पाणी डोंगरावरून आलं की खाडीतून, हे सांगता येणार नाही. नरसाळं आणि बाटली पुरे. नरसाळ्याच्या तोंडाचा व्यास १२ सेंटिमीटर असेल तर क्षेत्रफळ ११३ चौरस सेंटिमीटर, म्हणजे १ मिलिमीटर पावसाला ११.३ मिलिलिटर पाणी. औषधाच्या दुकानातल्या मोजपात्राने मोजा आणि भागा.

फक्त बाटली कोकणाच्या मापाची घ्या. एक लिटरची बाटली ८८ मिलिमीटरला वाहायला लागते, आणि हवामान खात्याच्या व्याख्येत अतिमुसळधार पाऊस ११५.६ मिलिमीटरपासून सुरू होतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर नोंदला गेला. या नरसाळ्याखाली साडेदहा लिटरांवर पाणी जमलं असतं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठाराशी पर्जन्यमापक ठेवायला सांगितलंय आणि प्रदेशवार पाऊस द्रोण या जुन्या मापात दिलाय. जांगल, म्हणजे कोरड्या, प्रदेशाला १६ द्रोण वगैरे. अपरांतापाशी, म्हणजे आपल्या कोकणापाशी, येऊन ते 'अमित' म्हणून मोकळे होतात. तेव्हा पाच लिटरचा कॅन घ्या.

गच्चीवर ठेवत असाल तर कठडा किंवा पाण्याची टाकी जितकी उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर ठेवा. वाचन सकाळी साडेआठला, कारण हवामान खातं त्याच वेळी घेतं. त्या क्षणापर्यंतच्या २४ तासांचा पाऊस वाचनाच्या तारखेवर पडतो. बुधवारच्या रकान्यातला पाऊस बराचसा मंगळवारी पडलेला असतो, हे विसरलात तर पूर आधी आला आणि पाऊस नंतर पडला असे चमत्कार कागदावर दिसतील.

दिवसाचा पाऊस कळला तरी पाणी का तुंबलं ते कळत नाही. मुंबईची जुनी पर्जन्यवाहिन्यांची व्यवस्था तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने होती. शंभर मिलिमीटर दिवसभरात पडला तर ती पेलते, दोन तासांत पडला तर नाही. म्हणून जोराचा पाऊस सुरू झाला की दर पंधरा मिनिटांनी वाचा, किंवा टिपिंग बकेटवालं, म्हणजे छोटं भांडं भरलं की उलटतं आणि ती उलटी मोजली जाते असं, यंत्र घ्या. हे यंत्र फार जोराच्या सरीत थोडं कमी मोजतं, म्हणून साधी बाटली शेजारी राहू द्या. हाताशी एक हिशेब ठेवा: एक हेक्टर फरसबंद सोसायटी, तासाला ५० मिलिमीटर पाऊस आणि त्यातला नव्वद टक्के वाहून जातो असं धरलं, तर दर सेकंदाला १२५ लिटर पाणी तुमच्या फाटकातून नाल्याकडे निघतं. पेव्हर ब्लॉक बसवायच्या मीटिंगमध्ये हा आकडा मोठ्याने वाचावा.

सेन्सर, एकदाचा

जेएसएन-एसआर०४टी हा ओलाव्याला टिकणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर, एक ईएसपी३२ पाटी (हा यंत्राचा छोटा संगणक), एक डीएस१८बी२० तापमापक, घड्याळाची चिप, मेमरी कार्ड. जोडणी कशी करायची हे मुलांना माझ्यापेक्षा चांगलं येतं, त्यात मी पडत नाही. पाणी मोजताना जे आडवं येतं तेवढं सांगते.

हा सेन्सर खाली आवाज सोडतो आणि प्रतिध्वनी परत यायला लागलेल्या वेळेवरून अंतर काढतो. सेन्सरच्या तोंडाची उंची वजा ते अंतर, म्हणजे पातळी. तोंड ९.६२ वर असेल आणि अंतर २.३५ मीटर आलं तर पाणी ७.२७ वर. आता, आवाजाचा वेग हवेच्या तापमानाबरोबर बदलतो: २५ अंशांना सेकंदाला सुमारे ३४६ मीटर, ३५ अंशांना ३५२. दुरुस्ती केली नाही तर दोन मीटर अंतरावर साडेतीन सेंटिमीटरचा फरक पडतो, आणि रोज दुपारी नाला 'चढतो'. तापमापक मोरीखालच्या सावलीतल्या हवेत लोंबता ठेवा. डब्यात ठेवलात तर तो डबा किती तापला ते सांगेल.

सेन्सरच्या अगदी जवळचं त्याला दिसत नाही. पंचवीसेक सेंटिमीटर आंधळी असतात. तेव्हा आजवरच्या सगळ्यात मोठ्या पुराच्या रेघेच्या निदान तीस सेंटिमीटर वर तो बसवा. ती रेघ जुन्या रहिवाशांना विचारली की भिंतीवर बोट ठेवून दाखवतात. भिंतीपासून लांब, बरोब्बर लंबात. नाल्यातून थर्माकोल, जलपर्णी, नारळ वाहत येतात आणि प्रतिध्वनी त्यांच्यावरून येतो. म्हणून दर वेळी वीसेक वाचनं घेऊन त्यांचा मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारं वाचन, ठेवा. सरासरी घेतलीत तर एक नारळ सगळं बिघडवतो. दर पाच मिनिटांनी नोंद घ्या. डोंगरी नाल्याचा पूर तासातासाच्या नोंदीत दोन आकड्यांच्या मधून निसटून जातो. खाडीजवळ साधे नट-बोल्ट एका पावसाळ्यात गंजतात, स्टेनलेसचेच घ्या.

मग दर रविवारी पट्टी वाचा आणि सेन्सर त्याच क्षणी काय म्हणतो ते शेजारी लिहा. दोघांचं पटेनासं झालं तर पट्टी खरी.

किती पाणी वाहतं

हे भरती न पोचणाऱ्या जागीच करा. भरती असताना तीच पातळी दोन अगदी वेगळ्या प्रवाहांना दिसू शकते, कधीकधी उलट्या प्रवाहालाही. सरळ, निदान वीस मीटर लांबीचा तुकडा निवडा, वरच्या टोकाला संत्रं टाका, खालच्या टोकाला पोचायला किती सेकंद लागले ते मोजा. संत्रं बरंचसं पाण्यात बुडून तरंगतं, त्यामुळे वाऱ्याने फारसं ढकललं जात नाही. मिळालेल्या वेगाला ०.८५ ने गुणा, कारण पृष्ठभागावरचं पाणी आतल्यापेक्षा पळतं असतं. त्याला ओल्या छेदाच्या, म्हणजे नाला आडवा कापला तर पाण्याने भरलेल्या भागाच्या, क्षेत्रफळाने गुणलं की प्रवाह. वेगवेगळ्या पातळ्यांना असे बिंदू जमले की आलेख काढा. पुढे नुसत्या पातळीवरून प्रवाह वाचता येतो. तळ बदलला, म्हणजे नालेसफाई झाली किंवा मोठा पूर आला, की हा आलेख पुन्हा.

नाल्यात उतरायचं नाही. छेद मोजायचा तो कोरड्या दिवसांत, काठावरून किंवा मोरीवरून दोरी-वजन सोडून. पावसाळ्यात तर घोटाभर पाण्यातही नाही. पाणी मिनिटांत वाढतं आणि आपल्या भागात लेप्टोस्पायरोसिसची लागण दर पावसाळ्यात होते. पायाला जखम असताना त्या पाण्यात गेलात तर डॉक्टरकडे जा, ताप यायची वाट पाहू नका.

खालच्या भागात असाल तर साधा टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणारा) खिशात ठेवा. बादलीने काढलेल्या पाण्यात तो लावला की खाडीचं खारं पाणी आणि पावसाचं पाणी लगेच वेगळं कळतं. खाऱ्या पाण्यात स्वस्त मीटर कमाल आकड्यावर जाऊन अडकतो. अडकला हीसुद्धा नोंदच आहे.

वही

तारीख, वेळ, वाचन, वाचणाऱ्याचं नाव, शेरा. शेऱ्यात काहीही येऊ द्या: 'जेसीबी चालू', 'झडपेत गादी', 'वरच्या बाजूला भिंत पडली'. दहा वर्षांनी आलेखातली विचित्र उडी त्या गादीमुळेच उलगडते.

मी विद्यार्थ्यांना जुन्या वह्या द्यायचे आणि विचारायचे, यातली कुठली घरी बसून भरली आहे? शोधणं सोपं असतं. मनाने लिहिलेल्या आकड्यांच्या शेवटी शून्य आणि पाच फार येतात. महिनाभर एकच पेन, एकच शाई, एकही पाण्याचा डाग नाही, आणि नेमक्या मुसळधार पावसाच्या रात्रीची वाचनं सगळ्यात सुबक. तुमच्या गटातही कुणीतरी हे करणार. वाचन राहिलं तर रकाना रिकामा सोडायची मुभा सगळ्यांना पहिल्या दिवशीच द्या, म्हणजे करणार नाहीत.

सेन्सरची मूळ फाइल कधीही दुरुस्त करायची नाही. शंका आली तर शेजारच्या रकान्यात 'संशयास्पद' लिहा आणि दुरुस्ती प्रतीत करा.

मुलं विचारतात, यात करिअर करायचं तर काय शिकू? सिव्हिल, भूगर्भशास्त्र, कृषी अभियांत्रिकी, संख्याशास्त्र, कुठूनही येता येतं. रुरकीला आयआयटीत जलविज्ञानाचा स्वतंत्र विभाग आहे आणि शेजारीच राष्ट्रीय जलविज्ञान संस्था. आपल्याकडे खडकवासल्याची १९१६ पासूनची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन शाळा आणि नाशिकची मेरी, म्हणजे महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था. कोडिंग येतंच तुम्हाला. मी कुणाला घ्यायचं ते मात्र वेगळ्या गोष्टीवर ठरवायचे: एक अख्खी भरती आणि एक अख्खी ओहोटी खाडीकाठी बसून, दर पंधरा मिनिटांनी पट्टी वाचायची. जी मुलं परत येऊन "मॅडम, पाणी चढताना लवकर चढलं, उतरताना रेंगाळलं, असं का?" विचारायची, ती टिकली.

इशारा

एक पावसाळा हातात आला की इशाऱ्याची पातळी ठरवता येते. पार्किंगच्या उताराचं तोंड तुमच्या बोल्टच्या हिशेबात ९.१० वर आहे, आणि नोंदींत नाला सगळ्यात वेगाने पंधरा मिनिटांत तीस सेंटिमीटर चढलेला दिसतो, असं धरा. इशारा ८.३० ला ठेवलात तर हातात चाळीस मिनिटं मिळतात, ८.७० ला ठेवलात तर वीसच. फार खाली ठेवलात तर प्रत्येक उधाणाला भोंगा वाजेल आणि तिसऱ्या वेळेपासून कुणी खाली उतरणार नाही. बेसमेंटमधल्या सगळ्या गाड्या बाहेर काढायला खरोखर किती वेळ लागतो, ते मे महिन्यातल्या एखाद्या रविवारी वॉचमनच्या हातात घड्याळ देऊन मोजून घ्या, आणि पातळी त्यावरून ठरवा.